कात्रीमानीचं मिशन आणि तिथून आलेलं सोनं

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्याकडे वाचकांच्या पत्रांत एक पत्र आलं होतं, त्याचा सूर असा की मिशनरी जंगलात जातात ते फक्त माणसं बाटवायला आणि बाकी सगळं, म्हणजे दवाखाना, शाळा वगैरे, नुसता देखावा असतो. मी वसईची, घरात पिढ्यानपिढ्या ख्रिस्ती, आणि नोकरी सगळी सरकारी आरोग्य खात्यात नर्स म्हणून जव्हार-मोखाड्याकडच्या पाड्यांवर झाली. त्यामुळे या विषयाच्या दोन्ही बाजू मला थोड्या तरी कळतात असं मला वाटतं, आणि म्हणून एक खरं उदाहरण लिहिते आहे, लांबलं तर कापा पण अर्थ बदलू नका ही विनंती.

ब्राझीलच्या अगदी उत्तरेला, व्हेनेझुएलाच्या सीमेला लागून, यानोमामी नावाचे आदिवासी लोक राहतात. घनदाट पावसाचं जंगल, मोठं गोल घर बांधून अख्खी वस्ती एका छपराखाली, केळी आणि कसावा नावाच्या कंदाची शेती, शिकार, मासे. ब्राझीलच्या बाजूची त्यांची राखीव जमीन आहे 96 हजार चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या जवळपास एक तृतीयांश, आणि माणसं तीस हजारांच्या आसपास. त्या जंगलात कात्रीमानी नदीकाठी 1965 मधे कॉन्सोलाता नावाच्या इटालियन कॅथलिक संघाच्या फादरांनी एक मिशन सुरू केलं. विमान उतरायला एक पट्टी, थोडी लाकडी घरं, एक रेडिओ, एक दवाखाना. सुरू करणाऱ्या दोघांपैकी एक फादर कालेरी तीनच वर्षांनी, 1968 मधे, मारले गेले. तेव्हा सरकारला मनौस शहरातून उत्तरेच्या बोआ व्हिस्ता शहराला हायवे न्यायचा होता आणि तो वैमिरी-अत्रोआरी या दुसऱ्या आदिवासी लोकांच्या जमिनीतून जाणार होता, त्यांच्याशी बोलणी करायला गेलेल्या तुकडीचे प्रमुख फादर होते आणि ती जवळजवळ सगळीच तुकडी तिथे संपली.

आता गोवराबद्दल बोलते, कारण ते मला माहीत आहे. आपल्याकडे गोवर आला की आजी अंगावर पांघरूण घालून पोराला अंधाऱ्या खोलीत ठेवायची, आणि मूल बहुतेक वेळा वाचायचं, कारण घरातल्या मोठ्यांना तो लहानपणीच होऊन गेलेला असायचा आणि ते उभे असायचे. ज्या लोकांमधे गोवर कधी आलेलाच नाही तिथे तो आला की म्हातारे, तरुण, पोरं, दूध पाजणारी आई, सगळे एकाच आठवड्यात आडवे होतात. मग पाणी आणायला कुणी नाही, चूल पेटवायला कुणी नाही, शिकारीला कुणी नाही, आणि माणसं गोवरानं जितकी मरतात तितकीच तहानेनं, उपासानं आणि वरून होणाऱ्या न्यूमोनियानं मरतात. अशा वेळी दोन धडधाकट माणसं जरी तिथे पाणी पाजायला, पेज द्यायला आणि पेनिसिलिन टोचायला असली तरी मेलेल्यांचा आकडा बदलतो, हे मी नर्स म्हणून सांगते.

यानोमामींवर ही पाळी आली ती रस्त्यामुळे. 1973 मधे लष्करी सरकारनं पेरिमेत्राल नोर्ते नावाचा महामार्ग त्यांच्या जमिनीच्या दक्षिण भागातून काढायला घेतला आणि 1976 मधे अर्धवट सोडून दिला. कामगार आले तसे फ्लू, गोवर, क्षय, सगळं आलं. अजारानी नदीकाठच्या चार वस्त्यांमधली 22 टक्के माणसं दोनच वर्षांत गेली. 1977 मधे कात्रीमानीच्या वरच्या अंगाला गोवर पोचला आणि काही वस्त्यांमधली निम्मी माणसं गेली. निम्मी! मिशनमधे तेव्हा होते ब्रदर कार्लो झाक्विनी, इटलीचे, 1968 पासून तिथे, यानोमामींची भाषा बोलणारे, आणि त्यांच्याबरोबर क्लाउदिया आंदुजार नावाच्या एक फोटोग्राफर बाई यायच्या-जायच्या. या बाई वडिलांकडून ज्यू, वडील आणि वडिलांकडचं सगळं गोत नाझी छळछावण्यांत गेलेलं. या दोघांनी आणि ब्रूस अल्बेर या मानववंश अभ्यासकानं 1978 मधे इतर काही जणांना घेऊन एक समिती काढली, जमीन कायद्यानं यानोमामींसाठी राखीव करून घ्यायची म्हणून. मग ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला डॉक्टर घेऊन वस्त्या-वस्त्यांमधे लसीकरण केलं. यानोमामी आपलं नाव परक्याला सांगत नाहीत, मग कार्ड कुणाचं कसं ओळखायचं, म्हणून गळ्यात नंबराची पाटी घालून एकेकाचा फोटो काढला. ते फोटो पाहिले तेव्हा मला आमची लसीकरणाची रजिस्टरं आठवली, अमक्याची सून, तमक्याचा धाकटा, असं लिहून ठेवलेलं.

इथे एक गोष्ट लपवली तर हे पत्र लिहिण्याला काही अर्थ नाही. 1967 मधे तोतोतोबी नदीकडे गोवर नेला तो मिशनऱ्यांनीच. ते मिशन वेगळं, अमेरिकन प्रोटेस्टंट, न्यू ट्राइब्ज नावाचं, आणि एका मिशनऱ्याची लहान मुलगी मनौसहून आजार घेऊन आली. त्या साथीत जे मेले त्यात दावी कोपेनावा या तेव्हा लहान असलेल्या पोराची आईही होती. मिशनऱ्यांनी तिला पुरलं आणि कुठे पुरलं ते मुलाला कधीच कळलं नाही. यानोमामी मेलेल्याला जाळतात, अस्थी जपतात, मग सगळे नातेवाईक जमून रडतात आणि केळ्याच्या पेजेत ती राख मिसळून संपवतात, तेव्हा कुठे मेलेला माणूस सुटतो आणि जिवंत माणसं सुटतात. या मुलाला आईसाठी ते करता आलं नाही आणि मोठेपणी त्यानं ते उघडपणे सांगितलंय. दावी हे नाव सुद्धा बायबलमधलं, त्यांनीच दिलेलं. पुढे त्यानं तो धर्म सोडला, आपल्या वडीलधाऱ्यांकडून मांत्रिकाची विद्या घेतली आणि यानोमामींचा जगभर ओळखला जाणारा पुढारी झाला. म्हणजे त्या पत्रलेखकाला जो राग येतो त्याला आधार नाही असं मी म्हणतच नाही. माझं म्हणणं आहे की सगळे मिशनरी एकाच दोरीला बांधून मोकळं होऊ नका, कारण तसं केलं की पुढे 1987 मधे काय झालं ते समजतच नाही.

1986 मधे लष्करानं यानोमामींच्याच जमिनीतल्या पापिऊ नावाच्या ठिकाणची विमानपट्टी वाढवली, सीमेच्या रक्षणासाठी म्हणून, आणि ती वापरली कुणी तर सोनं शोधणाऱ्यांनी. 1987 पासून तीनेक वर्षांत 40 हजारांच्या आसपास खाणवाले आत घुसले, आणि यानोमामी तेव्हा ब्राझीलच्या बाजूला सगळे मिळून दहा हजारांच्या आसपास. पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं नदीचा काठ फोडायचा, गाळ उपसायचा, त्यात पारा टाकून सोनं धरायचं, पारा जाळून सोनं ठेवायचं आणि उरलेला पारा नदीत. खड्ड्यांत पाणी साचतं, डास होतात, मलेरिया पसरतो. इंजिनांच्या आवाजानं शिकार पळते. घरातली करती माणसं थंडीतापानं पडली की नवीन शेत तोडायला कुणी नाही, आणि वर्षभरानं भूक येते. हिरव्यागार जंगलात माणूस उपाशी कसा मरतो असं लोक विचारतात ना, तर असा मरतो. जव्हारला वावर-वांगणीच्या बालमृत्यूंच्या वेळीही मुंबईची माणसं हेच विचारायची.

ऑगस्ट 1987 मधे पापिऊकडे खाणवाले आणि यानोमामी यांच्यात रक्त सांडलं. सरकारनं काय करावं? खाणवाल्यांना बाहेर काढावं. तर सरकारनं काढलं ते मिशनऱ्यांना, डॉक्टरांना आणि अभ्यासकांना. कात्रीमानीचं मिशन रिकामं करायला लावलं. हजारो बेकायदा माणसं आत आणि इंजेक्शन देणारी मूठभर बाहेर. मिशनऱ्यांना परत यायला दीडेक वर्ष गेलं, आणि तोवर मलेरियानं जे करायचं ते करून टाकलं होतं. 1987 नंतरच्या सात वर्षांत यानोमामींमधला दर पाचातला एक गेला असं सांगतात.

संपादक महोदय, माझं सगळं म्हणणं या एका घटनेत आहे. धर्मांतर करणारा मिशनरी खाणवाल्याला नडत नाही. नडतो तो मेलेल्यांची यादी ठेवणारा, रेडिओवरून बोआ व्हिस्ताला आकडे कळवणारा, विमानपट्टीवर कोण उतरलं ते बघणारा. रोराइमा या तिथल्या राज्याचे बिशप आल्दो मोंजानो हेही कॉन्सोलाताचेच, ते आदिवासींच्या बाजूनं जाहीर बोलायला लागले तर त्यांना जिवे मारायच्या धमक्या आल्या, आणि धमक्या देणारेही बहुतेक रविवारी चर्चला जाणारेच असतील. म्हणून मिशनरी म्हणजे गोऱ्यांचा हस्तक एवढ्यावर तिथली गोष्ट संपत नाही.

आणि धर्मांतराचं म्हणाल तर कात्रीमानीच्या मिशननं पन्नासहून जास्त वर्षं बाप्तिस्म्याच्या मागे न लागता काम केलं. यानोमामींना त्यांचे विधी, त्यांचे मांत्रिक सोडायला लावले नाहीत. 2019 मधे रोममधे अ‍ॅमेझॉनवर बिशपांची सभा झाली तेव्हा हे बाहेर आलं आणि कॅथलिकांमधलेच कडवे लोक भडकले की मग तुम्ही तिथे करता काय! मी कॅथलिक आहे, रोज प्रार्थना करते, आणि मला या फादर-सिस्टरांचा अभिमान वाटतो. 1996 मधे तिथल्या एका यानोमामी माणसावर जग्वारनं हल्ला केला, कवटी फुटून मेंदू दिसत होता, तर मिशनच्या दवाखान्यातल्या नर्स सिस्टरनं, केनियाची बाई, जखम धुऊन बांधली आणि विमानानं बोआ व्हिस्ताला पाठवलं, तो माणूस बरा होऊन परत आला. व्हॅटिकननं त्याला चमत्कार मानलं आणि संघाचे संस्थापक आलामानो यांना 2024 मधे संतपद दिलं. माझीही चमत्कारावर श्रद्धा आहे. पण त्या सिस्टरचं काय काम झालंय ते नर्सलाच कळेल.

1992 मधे जमीन कायद्यानं यानोमामींसाठी राखीव झाली. तरी 1993 मधे हाशिमू नावाच्या यानोमामी वस्तीतल्या 16 जणांना खाणवाल्यांनी मारलं, त्यात बायका आणि पोरं होती, आणि ब्राझीलच्या कोर्टानं त्याला वंशसंहार म्हटलं. मग काही वर्षं बरी गेली. 2019 नंतर पुन्हा तेच, वीस हजारांच्या आसपास खाणवाले, आरोग्य केंद्रं बंद, एक तर खाणवाल्यांनी ताब्यात घेतलं आणि शेवटी जाळलं. जानेवारी 2023 मधे आरोग्याची आणीबाणी जाहीर करावी लागली तेव्हा चार वर्षांत पाच वर्षांखालची 570 मुलं टाळता येणाऱ्या कारणांनी गेली असा आकडा आला. फोटोत त्या मुलांच्या बरगड्या बघून माझ्या हाताला आपोआप दंडाचा घेर मोजायची पट्टी आठवली.

आता आपल्याशी काय संबंध, तर आहे. 2019 मधे बीबीसीच्या ब्राझील विभागानं बातमी दिली होती की रोराइमा राज्यात सोन्याची एकही कायदेशीर खाण चालू नसताना तिथून 194 किलो सोनं निर्यात झालं, आणि ते आलं भारतात. त्यातलं किती कुणाच्या मंगळसूत्रात गेलं ते कुणाला सांगता येणार नाही. आपल्या दागिन्यावरचा हॉलमार्क आणि सहा अंकी-अक्षरी नंबर शुद्धता सांगतो, सराफ आणि तपासणी केंद्र सांगतो, सोनं कुठल्या नदीतून निघालं ते सांगत नाही.

तुमच्या व्यापार पानाचे वार्ताहर दर दसऱ्याला, अक्षय्यतृतीयेला झवेरी बाजारात जाऊन भाव विचारतात. या वेळी त्यांनी मोठ्या पेढ्यांना आणि रिफायनरीवाल्यांना एवढंच विचारावं की बाहेरून येणाऱ्या कच्च्या सोन्याची खाण तुम्ही कागदावर तपासता का, आणि तपासत असाल तर कागद दाखवा. उत्तर काहीही आलं तरी छापा. आणि मिशनऱ्यांवरची पत्रंही छापा, माझी हरकत नाही, फक्त जागेचं नाव आणि साल लिहायला सांगा म्हणजे आम्हाला तपासून उत्तर देता येईल.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
वसई