नौदल गोदी वेगळी, माझगाव डॉक वेगळे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युद्धनौकेची बातमी आली की ‘मुंबईच्या गोदीत’ एवढे लिहून वृत्तपत्रे मोकळी होतात. पण कोणती गोदी? इंदिरा गोदी बंदराची, तिथे व्यापारी जहाजांचा माल उतरतो. माझगाव डॉक ही १९६० पासून सरकारी मालकीची जहाजबांधणी कंपनी. १९७२ साली नौदलात आलेली ‘निलगिरी’ ही युद्धनौका तिथली. लायन गेटच्या आत आहे ती नौदल गोदी. पश्चिम नौदल कमांडच्या नौकांची दुरुस्ती हे तिचे आजचे मुख्य काम.

पूर्वी मात्र इथेही जहाजे बांधली जात. सुरतेहून १७३६ मध्ये आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या घराण्याने मलबारी सागवान वापरला. ओकच्या लाकडातले आम्ल लोखंडी खिळे खाते, सागाचे तेल उलट ते जपते. इथे बांधलेली १८१७ ची ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका इंग्लंडात हार्टलपूलला अजून तरंगते आहे.

दुरुस्ती म्हटले की काम दुय्यम वाटते, पण खरी जोखीम तिथेच. सुक्या गोदीत जहाजाच्या तळाच्या आकाराबरहुकूम ठोकळे आधी मांडून ठेवतात. जहाज आत आले की दार बंद करून पाणी उपसतात. नौदल गोदीत २०१९ मध्ये सुरू झालेली नवी सुकी गोदी २८१ मीटर लांब, ४५ मीटर रुंद, १७ मीटर खोल आहे. आठ पंप ती सुमारे अडीच तासांत रिकामी करतात. तळ ठोकळ्यांवर टेकू लागला की खालून रेटा बसतो आणि जहाजाची स्वतःहून सरळ राहण्याची ताकद घटते. म्हणून ते आधीच नीट समतोल हवे. बाहेर काढताना तर जास्तच जपावे लागते, कारण दुरुस्तीत यंत्रे उतरवलेली असतात, टाक्या रिकाम्या केलेल्या असतात. वजनाचा हिशेब नव्याने केला नाही, तर तरंगू लागताच जहाज एका अंगाला जाते. ५ डिसेंबर २०१६ रोजी ‘बेतवा’ ही युद्धनौका आडवी झाली ती गोदीतून बाहेर काढतानाच.

२१ जुलै २०२४ ला नौदल गोदीत ‘ब्रह्मपुत्रा’ या युद्धनौकेला आग लागली, ती आटोक्यात आली आणि दुसऱ्या दिवशी नौका कलंडली. आग विझल्यावर कशी काय, असे अनेकांनी विचारले. त्या अपघाताचे नेमके कारण ठरवणे चौकशीचे काम. पण आगीनंतर जहाज कलण्यामागे फवारलेले पाणी असू शकते, हे नौदलात कोणीही सांगेल. चाळीस मीटर लांब, पंधरा मीटर रुंद डेकवर दहा सेंटिमीटर पाणी साचले तर ते साठ टन भरते. नुसत्या वजनापेक्षा घातक असते ते त्याचे हलणे: जहाज जरा झुकले की सगळे पाणी त्याच बाजूला धावते आणि झुकाव वाढवते. म्हणून पाणी मारणाऱ्या पंपांइतकेच उपसणारे पंपही लागतात. बातमीत पहिल्यांचे आकडे येतात, दुसऱ्यांचे कधीच नाहीत.

— एक वाचक, मुंबई