जखमी जवानांच्या पदकासाठी साक्षीदारांचे म्हणणे ग्राह्य धरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विजय दिनानिमित्त आपण 1971 च्या युद्धावर विशेष पान काढले, त्याबद्दल आभार. त्यात पाकिस्तानातल्या शकरगड भागातल्या बसंतर नदीवरच्या लढाईचा उल्लेख होता. त्या लढाईत मी होतो. पण आज लिहितो आहे ते तिथल्या पराक्रमाविषयी नाही. जे तिथे जखमी झाले आणि ज्यांची जखम सरकारी दप्तरात कुठेच चढली नाही, अशा जवानांविषयी मला लिहायचे आहे. मी त्यांतला एक.

लष्करात वूंड मेडल, म्हणजे पराक्रम पदक, नावाचे एक पदक आहे. शत्रूच्या प्रत्यक्ष कारवाईत जखमी झालेल्या सैनिकाला ते मिळते. शौर्यपदकासाठी वरिष्ठांची शिफारस लागते, तशी इथे लागत नाही. जखम झाली, ती शत्रूमुळे झाली आणि तशी नोंद आहे, एवढे पुरते. माझ्या बाबतीत पहिल्या दोन गोष्टी आहेत. तिसरी नाही.

मी लाइनमन होतो. माझी मूळ तुकडी एकीकडे आणि मला अटॅच केलेले दुसरीकडे, ब्रिगेडबरोबर. हे इथे मुद्दाम सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ यातूनच झाला. लाइनमनचे काम म्हणजे मागच्या मुख्यालयापासून पुढच्या पलटणीपर्यंत टेलिफोनची केबल टाकायची आणि ती चालू ठेवायची. गोळाबारीत केबल तुटते. रणगाडे वरून गेले तर त्यांच्या पट्ट्यांत गुंडाळून लांबच लांब फरफटत जाते. मग फोन मुका झाला की दोघांनी निघायचे, अंधारात केबल मुठीत धरून चालत राहायचे, हाताला टोक लागले की दुसरे टोक शोधायचे, गाठ मारायची, टेप गुंडाळायची आणि फोन जोडून आवाज येतो का बघायचे. वायरलेस होता, पण शत्रू ऐकतो म्हणून लाइनवर भरवसा जास्त.

15 डिसेंबरच्या रात्री आपले सैन्य बसंतर ओलांडून पलीकडे गेले. सुरुंगांच्या पट्ट्यातून सॅपर्सनी, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर जवानांनी, रणगाड्यांसाठी वाट काढली होती, तिच्या कडेने आम्ही केबल नेली. दुसऱ्या दिवशी शत्रूने रणगाडे घेऊन प्रतिहल्ले केले. त्याच दिवशी पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल धारातीर्थी पडले. वय अवघे 21, जवळपास माझ्याच वयाचे. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. जरपाल गावाच्या लढाईत 3 ग्रेनेडियर्स पलटणीच्या मेजर होशियार सिंग यांनाही परमवीरचक्र मिळाले. या मोठ्या माणसांच्या शेजारी स्वतःचे नाव लावायचा माझा विचारही नाही. आम्ही दोघे त्या दिवशी तुटलेली लाइन जोडायला निघालो होतो, एवढेच. गोळा डाव्या अंगाला पडला. एक स्प्लिंटर, म्हणजे गोळ्याचा तुकडा, मांडीत खोल गेला, दुसरा खांदा फाडून निघून गेला. जोडीदाराने माझ्या खिशातले फील्ड ड्रेसिंग काढून बांधले आणि लाइन तशीच टाकून न देता आधी गाठ मारली, मग स्ट्रेचर आणायला धावला. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते. आम्हाला शिकवलेच तसे होते.

पुढे ड्रेसिंग स्टेशनवर, म्हणजे आघाडीमागच्या उपचार केंद्रावर, कोणीतरी माझ्या शर्टाच्या बटणाला मेडिकल कार्ड बांधले. नंतर शर्ट कात्रीने कापून काढला. कार्ड कुठे गेले ते मला ठाऊक नाही. 17 तारखेच्या रात्री आठ वाजता युद्धविराम झाला, तेव्हा मी रुग्णालयात गुंगीत होतो. मांडीतला तुकडा हाडाजवळ आहे, काढायला गेलो तर नस दुखावेल, असे सर्जन म्हणाले आणि तो आतच राहिला. मी ज्यांच्याबरोबर लढलो त्यांना वाटले, याचा रिपोर्ट याची मूळ तुकडी करील. मूळ तुकडीला वाटले, जिथे जखमी झाला तिथून रिपोर्ट येईल. मी जखमी झाल्याची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सैनिकाच्या सेवेच्या नोंदीत भर घालणारा आदेश, निघालीच नाही. पुढे माझी मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तब्येतीची लष्करी श्रेणी, खाली आली, काही महिन्यांनी परत वर गेली. त्या कागदावर 'जुनी जखम, डावी मांडी' असे लिहिले आहे. कशाने, कुठे, कधी, काही नाही.

नोकरीत असताना या गोष्टीचा पाठपुरावा करावा असे वाटले नाही. आमच्या वॉर्डात दोन्ही पाय गेलेली मुले होती. त्यांच्यासमोर मेडलची गोष्ट काढणे शोभले नसते. पेन्शन घेऊन घरी आलो. अलीकडे कंबरेच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी एमआरआय करायला सांगितला. तिथल्या मुलीने फॉर्म भरताना विचारले, अंगात काही धातू आहे का? एक्स-रे काढला, तुकडा स्पष्ट दिसला आणि एमआरआय करायला त्यांनी नकार दिला. यंत्राच्या चुंबकाने तो हलू शकतो म्हणे. त्या एक्स-रेची प्रत जोडून मी पदकासाठी अर्ज केला. उत्तर आले की उपलब्ध नोंदींनुसार आपण बॅटल कॅज्युअल्टी (लढाईत जखमी) असल्याचे आढळत नाही आणि रुग्णालयाचे कागद मुदत संपल्याने नष्ट झाले आहेत.

ज्यांनी उत्तर पाठवले त्या बाबूंवर माझा राग नाही. समोर कागद नाही तर ते काय लिहिणार? पण नियम करणाऱ्यांना मला विचारायचे आहे. भरतीच्या वेळी अंगावरचे कपडे उतरवून लष्कराच्याच डॉक्टरांनी मला तपासले आणि पास केले. त्या वेळच्या कागदावर मांडीवर कसलीही खूण नाही. निवृत्तीच्या वेळी माझ्या डिस्चार्ज बुकात ओळखीची खूण म्हणून डाव्या मांडीवरचा मोठा व्रण लिहिला आहे. त्याच पुस्तकात पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल आहेत, म्हणजे मी पश्चिम आघाडीवर होतो हे सरकारला मान्य आहे. मधल्या वर्षांत हा लोखंडाचा तुकडा माझ्या मांडीत आला कुठून? ज्याने ड्रेसिंग बांधले तो माझा जोडीदार सुदैवाने हयात आहे. त्याने प्रतिज्ञापत्र करून दिले. ते त्या काळातले कागदपत्र नाही म्हणून धरले गेले नाही.

त्या युद्धात आपले 3,843 जवान शहीद आणि 9,851 जखमी झाले, असा आकडा दर डिसेंबरात छापून येतो. तो वाचताना दरवेळी मनात येते, यात आपण मोजलो गेलो आहोत का? मोजलो गेलो नसू, तर माझ्यासारखे आणखी किती?

हे सुटण्यासारखे आहे. जून 2021 मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धाच्या नोंदींबद्दल धोरण जाहीर केले. वॉर डायऱ्या, म्हणजे युद्धातल्या रोजच्या नोंदवह्या, इतिहास विभागाकडे सोपवायच्या आणि साधारण 25 वर्षांनी नोंदी खुल्या करायच्या, असे त्यात आहे. ब्रिगेडच्या त्या दिवसाच्या डायरीत लाइन तुटल्याची आणि दोन लाइनमन पाठवल्याची ओळ असू शकते. ती शोधणे सत्तरी ओलांडलेल्या पेन्शनराचे काम नाही. जिथे अर्ज येतो त्या कार्यालयाने ती मागवून बघावी. मूळ नोंद नसेल तर लष्करी रुग्णालयात डॉक्टरांचे बोर्ड बसवून तुकडा आणि व्रण तपासावेत. सोबत लढलेल्या जवानाचे किंवा अधिकाऱ्याचे प्रतिज्ञापत्र पुरावा म्हणून घ्यावे. खोटे प्रतिज्ञापत्र करणाऱ्याला शिक्षा आहेच, तेव्हा फसवणुकीची भीती घालून खऱ्याला परत पाठवू नये. आणि हे लवकर करावे. माझा सेक्शन कमांडर गेला, आमचे त्या वेळचे अधिकारी गेले. माझ्या जोडीदाराला आता नीट ऐकू येत नाही. तो गेला की माझ्याकडे एक्स-रेखेरीज काही उरणार नाही.

2021 च्या सुवर्ण विजय वर्षात आम्हाला बोलावून शाल-श्रीफळ दिले, मुलांनी पायांना हात लावले. मन भरून आले, हे खरेच आहे. पण शाल कोणालाही देता येते. हे पदक फक्त ज्याने शत्रूचा मार अंगावर घेतला त्यालाच मिळते, आणि म्हणून मला ते हवे आहे. पैशाचा संबंध नाही. लष्कराने एकदा मान्य करावे की तू त्या दिवशी आमच्या कामावर असताना जखमी झालास.

ज्यांच्या घरी 62, 65 किंवा 71 च्या लढाईतले कोणी आहेत त्यांना विनंती आहे की ट्रंकेतली जुनी पत्रे टाकून देऊ नका. 56 एपीओ, 99 एपीओ या लष्करी टपाल कार्यालयांचा शिक्का असलेले इनलँड, रुग्णालयातून घरी लिहिलेले कार्ड, कुबड्या घेतलेला फोटो, सगळे जपा. मी रुग्णालयातून वडिलांना लिहिलेले पत्र भावाकडे सापडले, ते मी आता अर्जाला जोडतो आहे. सोबती हयात असतील तर त्यांच्याकडून आत्ताच लिहून घ्या. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज पुढे पाठवायला मदत करतात.

बसंतरला 15 ते 17 डिसेंबरदरम्यान ब्रिगेडच्या लाइनवर काम केलेले किंवा आमच्या ड्रेसिंग स्टेशनवर असलेले कोणी हे वाचत असतील, तर त्यांनी कृपया आपल्या वृत्तपत्राच्या पत्त्यावर कळवावे. माझा पत्ता संपादकांकडे आहे.

आपला,
एक निवृत्त हवालदार
(नाव आणि पत्ता संपादकांकडे दिला आहे)