सैन्य बाहेर पाठवण्याआधी संसदेत मत का घेत नाहीत?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. परवा सकाळी नेहरू पार्कात आमच्या फिरायच्या ग्रुपमधल्या एका काकांनी मोबाइलवर कुठलीशी बातमी वाचली आणि म्हणाले, "पाठवा की आपलं सैन्य, होऊन जाऊ दे एकदाचं", आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी तेव्हा काही बोलले नाही, पण दोन दिवस झाले डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय.

माझे मामा महूचे, सैन्याच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशवहनाच्या विभागात होते, १९८७ ला श्रीलंकेत गेले. २९ जुलैला भारत-श्रीलंका करार झाला आणि दुसऱ्याच दिवशी कोलंबोत मानवंदना घेताना एका श्रीलंकन नौसैनिकानं राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता हाणला, ज्यांच्याकडे चाललो त्यांच्यातच किती राग आहे ते तेव्हाच दिसलं होतं. शांतिसेना म्हणून गेले, एलटीटीईची, म्हणजे वेगळं तमिळ राष्ट्र मागणाऱ्या तिथल्या सशस्त्र संघटनेची शस्त्रं जमा करून घ्यायची आणि परत यायचं असं सगळ्यांना वाटत होतं, आणि ऑक्टोबरात त्याच एलटीटीईशी लढाई जुंपली. जाफना युनिव्हर्सिटीत रात्री हेलिकॉप्टरनं उतरवलेल्या शीख लाइट इन्फंट्रीच्या ३० जवानांपैकी २९ गेले, एकच जिवंत सापडला तोही कैदी म्हणून.

मामांची पत्रं यायची त्यावर फक्त ५६ एपीओ, म्हणजे सैन्याच्या टपालाचा पत्ता, ना गाव ना काही. मामी ते पाकीट उलटंसुलटं करून बघायची, शिक्क्यावरून काही कळतंय का म्हणून. आतमध्ये दोन ओळी, मी ठीक आहे, मुलीच्या शाळेचं काय झालं. शेजारपाजारचे विचारायचे कुठं असतात हो, आणि श्रीलंका म्हटलं की लगेच, तिथं आपलं काय काम? मामीकडे उत्तर नसायचं. असणार कुठून, दिल्लीनं ते लोकांना धड समजावून सांगितलंच नव्हतं.

पुढे तिकडे प्रेमदासा राष्ट्राध्यक्ष झाले, म्हणाले सैन्य परत न्या, इकडे राजीव गांधी जाऊन व्ही. पी. सिंग आले आणि २४ मार्च १९९० ला शेवटची तुकडी निघाली. मद्रासला स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत, त्यांचं म्हणणं हे सैन्य तमिळांना मारून आलंय. सुमारे १२०० जवान मारले गेले होते. मामा खंडव्याहून मीटरगेजच्या गाडीनं महूला उतरले तेव्हा स्टेशनवर मामी, माझे बाबा आणि मी, बस. मामांनी पहिलं विचारलं, पेपरात काय लिहून येतंय आमच्याबद्दल? बाबा म्हणाले आधी घरी चला, जेवा.

आता हेच १९७१ चं बांगलादेशचं युद्ध बघा. ३१ मार्चलाच संसदेनं पूर्व बंगालच्या लोकांना पाठिंब्याचा ठराव केला, एक कोटीच्या आसपास निर्वासित आले, तेव्हा आपल्या मध्य प्रदेशात असलेल्या रायपूरजवळही माना इथं कॅम्प होता. आई सांगते की नोव्हेंबरपासून प्रत्येक पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागायचं निर्वासितांसाठी, आणि कुणी कुरकुर करत नव्हतं कारण ते कशासाठी ते पोस्टमनपासून सगळ्यांना ठाऊक होतं. डिसेंबरात लढाई झाली, १३ दिवसांत संपली आणि मार्च १९७२ मध्ये आपलं सैन्य बांगलादेशातून परतही आलं. लोक पाठीशी होते आणि कधी परत यायचं हेही ठरलेलं होतं, माझ्या मते श्रीलंकेत या दोन्ही गोष्टी नव्हत्या.

नुसतं मतदान घेऊन सगळं होत नाही हेही मान्य. अमेरिकेच्या काँग्रेसनं १९६४ मध्ये व्हिएतनाममध्ये सैन्य वापरायची मोकळीक देणारा टोंकिनचा ठराव केला तेव्हा खालच्या सभागृहात ४१६ विरुद्ध शून्य आणि सिनेटमध्ये फक्त दोन विरोधात, आणि ज्या हल्ल्यांवरून तो केला त्यातला दुसरा झालाच नव्हता. व्हिएतनाममध्ये त्यांची ५८ हजारांवर माणसं गेली. सोमालियात तर १९९३ ला मोगादिशूत एका लढाईत १८ सैनिक गेले आणि पुढच्या मार्चपर्यंत अमेरिका तिथून बाहेर. म्हणजे आज माना डोलावणारे उद्या शवपेट्या आल्यावर कुठं असतील ते आधीच विचारायला पाहिजे. पण विचारल्यानं फरक पडतो, ब्रिटनमध्ये २०१३ ला सीरियावर कारवाई करायची का यावर संसदेच्या कॉमन्स सभागृहात २८५ विरुद्ध २७२ नं नाही म्हटलं गेलं आणि पंतप्रधान कॅमेरून थांबले. आपल्याकडे इराकला सैन्य पाठवा म्हणून अमेरिका मागे लागली होती, पण २००३ च्या एप्रिलमध्ये संसदेनं त्या युद्धाविरुद्ध ठराव केला होता, लोकांचाही विरोध होता, आणि जुलैत आपल्या ग्वाल्हेरच्या वाजपेयींनी नाही म्हणून सांगितलं. किती घरं वाचली त्यानं.

आपल्या कायद्यात सरकारला बाहेर सैन्य पाठवायला संसदेची परवानगी लागत नाही. मालदीवमधल्या बंडासारखं अडलं, ३ नोव्हेंबर १९८८ ला सकाळी फोन आणि रात्री आग्र्याहून विमानं, तिथं विचारायला वेळ नसतो हे समजतं. पण महिन्याभरात तरी सभागृहात यावं, किती दिवस, कशासाठी, परत कधी, हे सांगून मत घ्यावं आणि कुणी काय मत दिलं ते नावानिशी छापून यावं. याच इंदूरनं सुमित्राताई महाजनांना आठ वेळा लोकसभेत पाठवलं, त्या सभागृहाच्या अध्यक्षही झाल्या, म्हणजे ते सभागृह आपल्याला परकं नाही. पुढच्या निवडणुकीत उमेदवार मतं मागायला दारात आले की रस्ते-पाण्याबरोबर हेही मी विचारणार आहे, आणि तुमच्या वार्ताहरांनीही विचारावं ही विनंती.

आपली,
एक वाचक, रामबाग, इंदूर