ट्रॉलीची पाटी कंटेनरइतकी का टिकू नये?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवण्यावरून गेले काही महिने भरपूर लिहून आले. त्या प्लेटसाठी नियम काटेकोर आहेत. पत्रा १ मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमचा हवा आणि त्यावरच्या चमकत्या शीटची किमान ५ वर्षांची हमी हवी. पण ट्रेलर, म्हणजे आमच्या भाषेत ट्रॉली, बनवणारा जी छापील पाटी तिच्या चेसिसवर (सांगाड्यावर) मारतो, ती किती वर्षे वाचता यावी हे कोणी विचारत नाही. वजनक्षमता, ॲक्सलचा प्रकार, बनावटीचा महिना-साल, सगळे त्याच पाटीवर असते.

आमच्या ट्रॉल्या न्हावाशेवा बंदरातून कंटेनर ओढतात. हॉर्सची, म्हणजे ट्रॉली ओढणाऱ्या पुढच्या गाडीची, पाटी दाराच्या चौकटीत असते, तिला ऊन-पाऊस लागत नाही, ती टिकते. खरी रड ट्रॉलीची. पाटी चेसिसच्या बाजूला, चाकांचा चिखल थेट अंगावर. त्यात खाडीकडचा खारा वारा. आधी लाल रंगातले कंपनीचे नाव पांढुरके होते, मग काळे आकडे विरळ होतात. पावसाळ्यानंतर क्लीनरने ग्रीस काढायला डिझेलचे फडके फिरवले, की उरलेली अक्षरे फडक्यावर येतात आणि चेसिसवर कोरा पत्रा राहतो. वॉशिंगवाल्यांची हीच तक्रार ऐकायला मिळते, की आम्ही पाणी मारले आणि पाटी गेली म्हणून मालक भांडतो. त्यांचा दोष काय? छपाईच वरवरची असते.

आता त्याच ट्रॉलीवर ट्विस्ट लॉकने (कोपऱ्यातल्या फिरत्या खिट्ट्यांनी) बसवलेला कंटेनर बघा. दाराजवळ सीएससीची, म्हणजे कंटेनर सुरक्षित असल्याच्या मंजुरीची, पाटी असते. सुरक्षित कंटेनरांबाबतच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारात तिचे वर्णन आहे. ती कायमस्वरूपी, न गंजणारी आणि आगीत टिकणारी हवी, किमान २०० बाय १०० मिलिमीटरची हवी आणि मजकूर ठोकलेला, उठावाचा किंवा तितकाच टिकाऊ असावा. अक्षरांची उंचीसुद्धा ठरवून दिली आहे, शीर्षकाला किमान ८ मिलिमीटर आणि बाकी मजकुराला ५. अनेक समुद्र हिंडून आलेल्या, पोचे पडलेल्या कंटेनरची पाटी बोट फिरवून वाचता येते. खाली त्याला वाहणारी, पनवेलच्या पलीकडे फारशी न गेलेली ट्रॉली मात्र बिननावाची.

कोणी म्हणेल, चेसिस नंबर तर ठोकलेला असतोच. खरे आहे, केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२२ व्या नियमाने तो कोरलेला वा ठोकलेला असावा लागतो. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली की ठसाही (पेन्सिल प्रिंट) निघतो. पण ॲक्सल किती टनांचा, हे तो नंबर सांगत नाही. बेअरिंग किंवा ब्रेक लायनर घ्यायला गेलो की दुकानदार पहिला प्रश्न मॉडेलचा करतो, मग चाक उघडून मापे घ्यावी लागतात आणि गाडीचा दिवस खड्ड्यात जातो. अपघातानंतर सर्व्हेयरलाही पाटी हवी असते. जुन्या ट्रॉलीच्या सौद्यात तर कोरी पाटी म्हणजे फसवणाऱ्याला पर्वणीच. हवे ते साल छापून नवा पत्रा चार रिव्हेटवर मारला, की घेणाऱ्याला कळणार कसे?

टिकाऊ पाटी बनवणे काही अवघड नाही. ॲल्युमिनियम ॲनोडाइझ करताना, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने त्यावर संरक्षक थर चढवताना, पृष्ठभागावर बारीक छिद्रांचा थर तयार होतो. रंग त्या छिद्रांत भरून मग थर बंद केला, तर तो आत राहतो. वरून स्क्रीन प्रिंट मारला तर तो नुसता पापुद्रा. तरीही ॲल्युमिनियमला खारी हवा आणि वॉशिंगचा कॉस्टिक सोडा दोन्ही बाधतात. लोखंडी रिव्हेट मारला तर छिद्राभोवतीचा पत्रा आधी खाल्ला जातो. बंदराच्या कामाला स्टेनलेस स्टीलचा, खोल एचिंग केलेला (रसायनाने अक्षरे कोरलेला) किंवा आकडे ठोकलेला पत्रा आणि स्टेनलेसचेच रिव्हेट हवेत. रंग उडाला तरी खाच राहते. खर्चातला फरक काही शे रुपयांचा. लाखोंची ट्रॉली विकताना बनवणारे इथे हात आखडतात याचेच नवल वाटते. काही ठिकाणी तर पाटी डबल टेपने चिकटवलेली असते! पहिल्या उन्हाळ्यातच ती निघते.

परिवहन खात्याकडे मागणी एवढीच, की ट्रेलरच्या पाटीसाठी कंटेनरच्या पाटीसारखीच भाषा नियमात आणावी: धातू कोणता, अक्षर केवढे, ठोकलेले की छापलेले. व्यापारी वाहनांचे फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी होतेच. टायर, दिवे, रिफ्लेक्टर तपासतात त्याच वेळी पाटी वाचता येते का हेही पाहावे. येत नसेल तर कागदपत्रे पाहून, बनवणाऱ्याच्या शिक्क्यानिशी नवी पाटी लावून घ्यायची सोय असावी आणि त्याची नोंद आरसीवर व्हावी, म्हणजे उद्या कोणी परस्पर पत्रा बदलला तर तो पकडता येईल.

– एक ट्रेलरमालक, उरण