सिग्माला जागा कशी कळते

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही विचारलंत की दिवसभर मी नेमकं बघते काय. फोनवर ते सांगता सांगता राहतंच, म्हणून लिहिते.

ई. कोलाय या जिवाणूच्या डीएनएत सुमारे 46 लाख अक्षरजोड्या आहेत; अक्षरं चारच: ए, टी, जी आणि सी. त्यावरून आरएनए, म्हणजे जनुकाची नक्कल, तयार करतं ते आरएनए पॉलिमरेज हे प्रथिन. काम दांडगं, पण सुरुवात कुठून करायची हे त्याला एकट्याला उमगत नाही. ती जागा हेरतं सिग्मा नावाचं प्रथिन. 1969 साली ते सापडलं.

जनुकाच्या अलीकडे दोन खुणा असतात: नक्कल सुरू होते त्या जागेच्या सुमारे 35 अक्षरं आधी टीटीजीएसीए, 10 अक्षरं आधी टीएटीएएटी. पहिली खूण सिग्मा डीएनएचा पीळ न सोडवताच चाचपतं. दुसरीची तऱ्हा मात्र न्यारी. तिथे दोन्ही धागे सुटे होतात आणि एका धाग्यावरचं दुसरं अक्षर ए आणि शेवटचं टी बाहेर वळून सिग्माच्या खाचांमध्ये जाऊन बसतात. ओळख पटणं आणि पीळ सुटणं इथे एकदमच होतं! त्यासाठी बाहेरून इंधनही लागत नाही. मला तरी यातलं हेच सगळ्यात देखणं वाटतं.

आई म्हणेल, मग खुणा तंतोतंत असल्या की काम झालं. तसं नाही गं. पकड फार घट्ट झाली तर पॉलिमरेजला तिथून निघताच येत नाही. खऱ्या जनुकांपुढच्या खुणांमध्ये बहुधा एखाददुसरं अक्षर वेगळंच असतं. शिवाय सिग्माचा एक भाग नव्या आरएनएच्या वाटेतच अडून बसलेला असतो. त्यामुळे सुरुवातीला आखूड तुकडे बनून गळून पडतात, आणि पुरेशी लांब साखळी झाली की मगच गाडी पुढे सरकते.

ई. कोलायकडे असे सात सिग्मा आहेत. त्यातला सिग्मा-32 एरवी मिनिटाभरात मोडीत निघतो, कारण डीएनएके हे प्रथिन त्याला धरून कापणाऱ्यांच्या हवाली करतं. तापमान 42 अंशांवर गेलं की डीएनएके बिघडलेली प्रथिनं सावरण्यात गुंततं. सिग्मा-32 तेवढ्यात वाचतो आणि दुरुस्तीची जनुकं चालू करतो.

सध्या माझं काम दोन खुणांमधल्या अंतरावर चाललंय. ते साधारण 17 अक्षरांचं असतं. एकदोन कमी-जास्त केली की पकड कशी बदलते ते मोजते आहे. आकडे हाती आले की कळवेन. आईचे प्रश्न लिहून ठेवा, रविवारी बोलू.

तुमची,
धाकटी