आचऱ्याच्या बाईने हे विचारावं?

ओटावा, ऑगस्ट

ती. आईस आणि ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणालीस, "बरं पक्कं घर सोडून रानात तंबूत कसलं राहायचं, आणि तेही चर्चच्या लोकांबरोबर!" पोरं मध्येच ओरडत होती, म्हणून उत्तर राहून गेलं. पण आई, आपल्या आचरा गावच्या बाईने हे विचारावं? गावपळणीला रामेश्वराचा कौल झाला की गुरं, कोंबड्या, कुत्री-मांजरं घेऊन अख्खा गाव वेशीबाहेर जातो, तीन दिवस तीन रात्री राहुट्यांत काढतो, ते काय मग?

शेजारच्या केरळच्या ताईने बोलावलं म्हणून गेलो. तिच्या चर्चमधली कुटुंबं दर उन्हाळ्यात एकत्र जातात. या वेळी अल्गोंक्विन पार्क, ओटाव्याहून गाडीने तीनेक तास. 1893 पासून राखलेलं जंगल. साडेसात हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे. आपला अख्खा सिंधुदुर्ग जिल्हा सव्वापाच हजार. जिकडे बघावं तिकडे तळी.

जाण्याआधी सगळ्यांना बसवून अस्वलांचे नियम सांगितले. काळी अस्वलं वासावर येतात. खाण्याचं एवढंसं काही तंबूत ठेवायचं नाही, रात्री सगळं गाडीत बंद. टूथपेस्ट आणि साबणसुद्धा! तू पाठवलेले सुके बांगडे मी घरीच ठेवले. नेले असते तर पंचक्रोशीतली अस्वलं पंगतीला बसली असती. लाकूडफाटाही घरून न्यायचा नाही, तिथल्या तिथे विकत घ्यायचा. ऑन्टारिओत 2002 मध्ये आशियातला एक हिरवा भुंगेरा सापडला. त्याच्या अळ्या ॲश झाडांची साल आतून पोखरतात आणि झाड वाळतं. सरपणाबरोबर ही कीड गावोगाव पोचते, म्हणून एवढी कडक शिस्त.

कामाच्या पाळ्या कागदावर लिहून झाडाला टांगल्या होत्या. आमच्या वाट्याला भांडी आली. तीन टब मांडायचे: पहिल्यात कढत साबणाचं पाणी, दुसऱ्यात साधं, तिसऱ्यात ब्लीचचे थोडे थेंब. भांडं या टबातून त्या टबात जातं, मग जाळीवर निथळत ठेवायचं. पुसायचं नाही. तुमचे जावई घरी कपसुद्धा विसळत नाहीत, पण तिथे पाद्रीबुवा हाफ पँट घालून शेजारी पातेली घासायला बसले, मग यांना पळायला जागाच उरली नाही. तेवढ्यासाठी तरी दरवर्षी जावं म्हणते.

दुसऱ्या रात्री पाऊस कोसळला. लोकांनी ताडपत्री सपाट बांधली होती, मधोमध पाण्याचा फुगा झाला. मी एका बाजूच्या दोऱ्या सोडून खाली ओढल्या, उतार दिला, पाणी धो धो निघून गेलं. कोकणातल्या माणसाला हे शिकवायला लागतं का? सकाळपासून मंडळी मला उगाच इंजिनिअर समजू लागली.

शेवटच्या रात्री शेकोटीभोवती प्रत्येकाने आपल्या मुलखातलं काहीतरी सांगायचं होतं. मी गावपळण सांगितली. सगळ्या जातीधर्माची माणसं निघतात, तीन दिवसांनी परत कौल लावतात, देवाने होकार दिला तरच घरी यायचं. एक कॅनेडियन गृहस्थ विमा कंपनीत आहेत. ते काळजीने म्हणाले, "अहो, पण घरं राखतं कोण?" मी म्हटलं, रामेश्वर. ते गप्प. नायजेरियाच्या एक आजी मात्र मान डोलावून म्हणाल्या, "बरोबरच आहे." त्यांना यात नवल वाटण्यासारखं काही दिसलंच नाही. आमच्याकडे कौल नव्हता, दुपारी दोनला जागा रिकामी करून द्यायची एवढंच. देवापेक्षा इथलं बुकिंग कडक.

आता बाबांची शंका, चर्चची माणसं धर्म बदलायला सांगतील की काय. जेवणाआधी ते लोक हात जोडतात, आम्हीही गप्प उभे राहायचो. रविवारी तळ्याकाठी ओंडक्यांवर बसून प्रार्थना झाली, गिटारवर गाणी झाली. आम्हाला कोणी ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मी मागे बसून ऐकलं. धाकटी पुढे जाऊन टाळ्या वाजवत होती, तिला भजन काय नि हे काय. धर्म बदलण्याचं कोणी बोललं नाही, तेव्हा बाबांनी निर्धास्त असावं.

घावणे केले होते. तांदळाचं पीठ नेलं होतं, तवा मात्र त्यांचा खोलगट, पहिले चार-पाच फाटले. नंतरचे पोरांनी मेपल सिरप ओतून खाल्ले. तू बघितलं असतंस तर तवा उचलून घेतला असतास.

पुढच्या गावपळणीचं काही कानावर आलं तर लगेच कळव. सुट्टी आधी मागावी लागते, आणि पोरांना एकदा न्यायचंच आहे. येणाऱ्या कोणाबरोबर आमसुलं पाठव, या खेपेला दुप्पट. केरळची ताई माशाच्या कढीत आमसुलांऐवजी त्यांच्याकडची आंबट कुडमपुळी घालते आणि तीच भारी म्हणते. तिला आपलं आमसुलांचं तिवळ पाजायचं आहे.

तुझी,
बाय