मिल्या, आलेख चुकलाय

दांडिया बाजार, बडोदे
रविवार, रात्री दीड

प्रिय मिल्या,

चार महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही, तुझे दोन फोनही घेतले नाहीत. हवं तेवढं रागव, पण पत्र शेवटपर्यंत वाच. आई बरी आहे, माझा खोकला गेला.

माझा आलेख चुकलाय. ज्याच्या जोरावर पेपर स्वीकारला गेला, तोच.

तू बँकेत गेलास म्हणून जरा उजळणी. हवाई बेटांवरचे संगणक रेडिओनं जोडणारं एब्रॅमसनचं १९७१ चं अलोहा आठवतं? ज्याला बोलायचंय त्यानं बोलावं. दोघं एकदम बोलले की दोघांचंही वाया, मग आपापलं थांबून पुन्हा. मोकाट सोडलं तर वाहिनीचा जास्तीत जास्त १८.४ टक्के वेळ कारणी लागतो, वेळेचे सारखे तुकडे, म्हणजे स्लॉट, पाडून दिले तर ३६.८. (परीक्षेत हे आकडे उलटे लिहून वर जिन्यात तासभर भांडलास, की चूक छापणाऱ्याची आहे!) टक्कर झाल्यावर किती थांबावं, याचा नवा नियम हा माझा प्रबंध. दर स्लॉटला ०.३५ पॅकेट (पाठवायच्या माहितीचा एक तुकडा) येत असताना माझ्या नियमात सरासरी विलंब ११ स्लॉट येत होता. सर खूश झाले होते.

मंगळवारी ज्युनिअरला लिटलचा नियम समजावत होतो. सेव-उसळीच्या लारीचंच उदाहरण दिलं: मिनिटाला येणारी माणसं गुणिले प्रत्येकाचा तिथला वेळ, म्हणजे लारीपाशी सरासरी उभी असलेली माणसं. लिटलनं १९६१ मध्ये सिद्ध केलेलं. माणसं कशीही येवोत, आधी कुणालाही वाढा, लारीचं काम तुंबत जात नसलं की हिशोब जुळतोच. ती म्हणाली, "दादा, मग आपल्या आलेखाला लावून बघू या?" मी हसत हसत लावला. अडकलेली पॅकेटं सरासरी १४. भागिले ०.३५. विलंब चाळीस, अकरा नव्हे!

रात्रभर प्रोग्रॅम उकरला. टक्कर झालेलं पॅकेट परत रांगेत टाकताना मी त्याची आल्याची वेळ नव्यानं लिहीत होतो. बिचारं तीन टकरा खाऊन आलेलं पॅकेट माझ्या हिशोबात आत्ताच जन्मलेलं. दुरुस्त केल्यावर जुन्या नियमाचा विलंब ३८ आला, माझ्या नियमाचा ४०. दीड वर्ष, मिल्या.

आता कळलं ना तुलाच का लिहितोय? शेवटच्या वर्षी अँटेनाची रीडिंग्ज घेताना १२० अंशांवर लाइट गेली, आणि मी २४० चा आकडा तिथे उतरवला. दोन्ही बाजू सारख्याच असणार, हे माझं म्हणणं. तू कागद टराटरा फाडलास. बाप्यानं मध्ये पडूनही महिनाभर मी तुझ्याशी बोललो नाही. "असणार आणि आहे यात फरक आहे," असं म्हणाला होतास. तेव्हा फार लागलं होतं. ह्या वेळी मी मुद्दाम काही केलेलं नाही, पण मंगळवारपासून गप्प आहे, ते मात्र मुद्दामच.

कारण पेपरवर दुसरं नाव त्या पोरीचं आहे. तिच्या घरी पेढे वाटून झाले. चूक माझ्या ओळीतली, आणि पेपर मागे घेतला की तिचंही नाव जाणार. प्रबंध द्यायला वीस दिवस उरलेत. सर काय म्हणतील, याची भीती आहेच, पण त्याहून जास्त तिच्या तोंडाकडे बघायची आहे. नियम लावून बघायचं तिनंच सुचवलं होतं. तिला कळलं नसेल का? चार दिवस तीही लॅबमध्ये गप्पच असते.

काल कलाभवनावरून तीनदा गेलो, सायकल नुसती फिरवत. शेवटी ठरवलं. आधी तिला सांगणार, मग तिच्यासकट सरांकडे. नवे आलेख काढून ठेवलेत, दोन्ही नियमांचे, ३८ आणि ४० स्पष्ट दिसतील असे.

काकांचा गुडघा कसा आहे? मुलगी पाहायला नाशिकला गेला होतास म्हणे, नलूमावशीकडून कळलं, सविस्तर लिही.

उद्या दहा वाजता जातोय. संध्याकाळी फोन कर, ह्या वेळी पहिल्या रिंगला उचलतो.

तुझा,
अव्या